दाणा, दोनतारी पाक आणि ०.६२ व्होल्ट : फ्यूएल सेलमधल्या माझ्या पीएचडीची हकीकत

पीएचडीची व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, होऊन बरेच महिने झाले, नोकरीही लागली, तरी दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच की ताई, एमएस्सी पॉलिमर झालंय, हायड्रोजनमध्ये जायचंय, काय करू. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. तारखा डायरीत बघून टाकल्यात, पैशाचे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर येणार आहे, आणि तशी कुरकुर मला वाटतं कुठल्याही संस्थेत करता येईल.

आम्ही जळगावचे. पप्पा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात एक्स्ट्रुडरवर (प्लास्टिक वितळवून ओढणारं मशीन) होते, त्यामुळे पॉलिमर म्हणजे प्लास्टिकचा दाणा हे मला शाळेपासून माहीत. पांढरा दाणा, रिसायकलचा काळपट दाणा, दाण्याचा भाव चढला की घरात त्याची चर्चा. जळगावच्याच विद्यापीठात एमएस्सीला पॉलिमर घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं पोरगी पाइपाच्या कंपनीत लागणार. मलाही तेच वाटत होतं खरंतर. मग तिसऱ्या सेमला एका सेमिनारसाठी नाफिऑनवर वाचलं, की ड्युपॉन्टमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी बनलेलं हे टेफ्लॉनचं भावंड, त्याच्या साखळीला सल्फोनिक ॲसिडचे गट लटकवलेले, त्यातून प्रोटॉन जातो पण हायड्रोजन वायू जात नाही (जवळजवळ जात नाही, हे "जवळजवळ" पुढे मला फार महागात पडलं). एक प्लास्टिकची फिल्म, एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मध्ये वीज, हाच फ्यूएल सेल. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "फिल्म म्हणजे आपली पिशवीची असते तशीच ना, मग त्यात काय अवघड?" ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला साडेपाच वर्षं लागली.

जून २०१७ ची नेट (सीएसआयआरची केमिस्ट्रीची परीक्षा) थोडक्यात हुकली, डिसेंबर २०१७ ला जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, निघाली. तेव्हा पेपर ओएमआरवर असायचा, आता कॉम्प्युटरवर असतो, पण मार्कांचा हिशोब तोच आहे, पार्ट ए ३०, बी ७०, सी १०० असे २००, आणि चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांतला पाव हिस्सा कट. पॉलिमरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, ह्या पेपरात पॉलिमर अगदी चिमूटभर असतं. मॉलिक्युलर वेटचे ॲव्हरेज आणि थोडं कायनेटिक्स, संपलं. आपण एमएस्सीला जे दोन वर्षं शिकलो ते इथे कामाला येत नाही, तेव्हा पहिल्या अटेम्प्टला मी जी चूक केली ती करू नका आणि सरळ ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकलला बसा. पार्ट सी मध्ये ६० पैकी २५ च सोडवायचे असतात, म्हणजे पेपर सोडवणं कमी आणि प्रश्न निवडणं जास्त.

मग तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. दोन ठिकाणी नाही झालं, तिसऱ्या ठिकाणी, पुण्यात, सरांनी एकच प्रश्न धरून ठेवला की फिल्म ओतलीस आणि ती वाळल्यावर तडकली तर तू काय काय तपासशील. मी चटईच्या कारखान्यातलं ऐकलेलं सांगितलं, की दाणाच हलका असेल, म्हणजे मॉलिक्युलर वेट कमी. सर हसले आणि घेतलं. ऑगस्ट २०१८ ला जॉइन झाले.

कागदांबद्दल, कारण इथे सगळे अडकतात. मायग्रेशन सर्टिफिकेट निकाल लागल्या लागल्या काढून ठेवा. मी नाही काढलं आणि त्यासाठी पुणे-जळगाव दोन चकरा झाल्या. मेडिकल फिटनेस सरकारी दवाखान्यातला लागला, सगळ्या मार्कशीटच्या साक्षांकित प्रती लागल्या, आणि जॉइनिंग रिपोर्टवर तीन सह्या लागल्या, त्यातली तिसरी सही करणारे साहेब दोन आठवडे सुटीवर होते. पहिली फेलोशिप जानेवारी २०१९ ला हातात आली, म्हणजे पाच महिने घरून पैसे. खोलीचं भाडं वाट्याला ४,५०० आणि मेसचे २,८००. नंतर कळलं की आमच्या अकाउंट्समधून कागद पुढे गेलाच नव्हता, एका ड्रॉवरमध्ये होता. तेव्हा जेआरएफ महिन्याला २५,००० होती. देशभर रिसर्च स्कॉलर रस्त्यावर उतरले होते वाढीसाठी, मग ती १ जानेवारी २०१९ पासून ३१,००० झाली, म्हणजे माझा पहिला पगार आला आणि लगेच वाढला, मी उगाच स्वतःला भाग्यवान समजले.

आता कामाचं. माझा विषय नाफिऑन नव्हता, पीबीआय होता, म्हणजे पॉलिबेन्झिमिडॅझोल. नाफिऑनला प्रोटॉन वाहायला पाणी लागतं, त्यामुळे सेल ८० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, आणि त्या तापमानाला हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड दहा-वीस पीपीएम (दशलक्षात दहा-वीस भाग) जरी असला तरी सेलमधल्या प्लॅटिनमचा, म्हणजे उत्प्रेरकाचा, गळा धरतो. पीबीआयला फॉस्फोरिक ॲसिड पाजलं की पाण्याशिवाय १६० अंशांना चालतं आणि तिथे एखादा टक्का मोनॉक्साइडही खपवून घेतं. १९९५ साली अमेरिकेत केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या मंडळींनी हे दाखवलं, तेव्हापासून जगभर लोक त्याच्या मागे आहेत. तोटेही आहेत, ॲसिड हळूहळू निघून जातं, गाडी सुरू करायला आधी सेल तापवावा लागतो वगैरे, पण ते मला नंतर समजले.

पीबीआय बनवणं म्हणजे स्वयंपाकच आहे. डायअमिनोबेन्झिडिन आणि आयसोफ्थॅलिक ॲसिड, पॉलिफॉस्फोरिक ॲसिडमध्ये, नायट्रोजनखाली, २०० अंशांपर्यंत, दिवसभर आणि रात्रभर. सुरुवातीला काकवीसारखं असतं, मग घट्ट होत जातं आणि शेवटी स्टिरर रडायला लागतो. सिनियरने मला शिकवलं की काचेची कांडी बुडवून वर उचल आणि तार बघ. अक्षरशः लाडवाच्या पाकासारखं, एकतारी असेल तर थांब, दोनतारीच्या पुढे गेलं आणि तार तुटेना की उतरव. मग ते गरम गरम पाण्यात ओतायचं, तपकिरी शेवया पडतात, त्या सोड्याच्या पाण्यात धुवत बसायचं पीएच सातला येईपर्यंत. रिसर्च पेपरात लोक लिहितात इन्हेरंट व्हिस्कॉसिटी इतकी इतकी (द्रावणाच्या घट्टपणाचा आकडा, त्यावरून साखळी किती लांब ते कळतं), ती आम्हीही सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मोजायचोच, पण तार बघून मी पहिल्या सहा महिन्यांनंतर अंदाज बरोबर सांगायला लागले. एक सांगते, तो डायअमिनोबेन्झिडिन कॅन्सरकारक मानतात, मास्क-ग्लोव्हज घालूनच हुडमध्ये (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) वजन करा, आणि बाटली उजेडात, हवेत उघडी ठेवू नका, पावडर काळवंडते आणि मग तार येतच नाही. एक महागडी बाटली मी अशी घालवली, सर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पहिल्या फिल्म मे २०१९ मध्ये सुंदर आल्या. पिवळसर, पारदर्शक, मागे ठेवलेला पेपर वाचता येईल अशा. मी खूश. मग जून उजाडला आणि त्याच पॉलिमरची, त्याच सॉल्व्हंटमधली, त्याच काचेवर ओतलेली फिल्म सकाळी बघते तर दुधाळ. परत केली, परत दुधाळ, मधे मधे पांढरे चट्टे, आणि वाकवली की उडदाच्या पापडासारखी कट्कन मोडायची. तीन आठवडे मी पॉलिमर धुतलं, गाळलं, सॉल्व्हंट नवीन आणला, रडलेही एकदा. मग लॅबच्या मावशी झाडताना म्हणाल्या, "पावसाळ्यात पापड वाळत नाहीत तसंच हे तुमचं." तेच होतं. डायमिथिलॲसिटामाइड, म्हणजे आमचा सॉल्व्हंट, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलं की पॉलिमर आतल्या आत साखळतं, फिल्मला बारीक भोकं पडतात. ४५० रुपयांचा आर्द्रता मोजायचा मीटर आणला तर आकडा ८४ टक्के. त्यानंतर ओतल्या ओतल्या काच सरळ ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, आणि जमेल तितक्या फिल्म ऑक्टोबर ते मे मध्ये करून ठेवायच्या, वाळवणासारख्या. ओव्हनचा तळही पाणसळ लावून बघा, गवंड्याची छोटी पाणसळ ८० रुपयांना मिळते, नाहीतर फिल्म एका कडेला ४० मायक्रॉन आणि दुसऱ्या कडेला ९०. ह्यातलं काहीही मला कुठल्या पेपरात लिहिलेलं सापडलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

आमच्याकडे मेम्ब्रेन, म्हणजे ही फिल्म, बनवणारे वेगळे आणि सेल चालवणारे वेगळे. सेल चालवून मोजायचं टेस्ट स्टेशन दुसऱ्या विभागात, महिन्याला एक स्लॉट, आणि विद्यार्थ्यांनी स्टेशनला हात लावायचा नाही असा अलिखित नियम. आपण फिल्म पाकिटात घालून द्यायची आणि आठवड्याने आकडे ईमेलवर यायचे. ऑक्टोबर २०१९ ला माझी पहिली फिल्म गेली. कंडक्टिव्हिटी (प्रोटॉन किती सहज जातो ते) चांगली होती, ॲसिड नीट प्यायलेली होती, मला वाटलं झालं काम. आकडा आला, ओपन सर्किट, म्हणजे वीज न खेचता सेलचं व्होल्टेज, ०.६२ व्होल्ट. ०.९ च्या वर यायला हवा. कमी आला म्हणजे हायड्रोजन कुठूनतरी पलीकडे जातोय, म्हणजे फिल्मला भोक आहे, म्हणजे पॉलिमर वाईट. असा सरळ निष्कर्ष सगळ्यांनी काढला, मीसुद्धा.

त्यानंतर मी काय नाही केलं. मॉलिक्युलर वेट वाढवलं, क्रॉसलिंक केलं म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधल्या, सिलिका घातली, फिल्म जाड केली. ०.६०, ०.६७, ०.५८. मधे मार्च २०२० ला लॉकडाऊन, मी जळगावला, सप्टेंबरला परत, आणि लॅबमध्ये एका वेळी दोघंच. आजी फोनवर विचारायची, "तठे काय करी ऱ्हायनी व माय?" आणि मला खरंच सांगता यायचं नाही. ऑक्टोबर २०२० ला पेपरात बातमी आली की सीएसआयआर आणि केपीआयटी कंपनीने पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात हायड्रोजन फ्यूएल सेलवरच्या गाडीची चाचणी घेतली, १० किलोवॅटचा स्टॅक (सेलची चळत), कमी तापमानाचा, ६५ ते ७५ अंशांवर चालणारा. पप्पांनी ते कात्रण कापून ठेवलं आणि मला व्हॉट्सॲप केलं, खाली लिहिलं "तुझंच काम." माझा सेल त्या दिवशी ०.५८ वर होता. मी कॅन्टीनला जाऊन दोन वडापाव खाल्ले आणि कोणाला काही बोलले नाही.

मार्च २०२१ ला स्टेशन चालवणारा मुलगा सोडून गेला आणि जागा भरेपर्यंत तिथल्या टेक्निशियन दादांच्या हाताखाली आम्हाला बसायला परवानगी मिळाली. दादा आधी गॅरेजमध्ये काम केलेले. मी पहिल्यांदा माझा स्वतःचा सेल उघडताना बघितला. दोन ग्राफाइटच्या प्लेट, त्यात गॅस जायच्या खाचा, कार्बन पेपर (टायपिंगचा नव्हे, कार्बनच्या धाग्यांचा), मधे माझी फिल्म, भोवती टेफ्लॉनचं गॅस्केट (गळती रोखणारी चौकट), आणि आठ बोल्ट. फिल्म बाहेर काढून दादांनी ट्यूबलाइटसमोर धरली. मधला चौकोन शाबूत. एका कोपऱ्यात, बरोबर जिथे कार्बन पेपरची कड येते तिथे, नखाने दाबल्यासारखी चीर. दादा म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या फिल्मचं नाही, हे आवळण्याचं आहे." आधीचा मुलगा एका बाजूने सुरू करून ओळीने बोल्ट आवळायचा, आणि गॅस्केट नाफिऑनसाठी आणलेलं, पातळ. ॲसिड प्यायलेली माझी फिल्म मऊ, ती एका कोपऱ्यात चेपली जायची. दादांनी जाड गॅस्केट कापलं, टॉर्क रेंच आणला आणि गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत, तीन फेऱ्यांत आवळले. सेल तापवला, हायड्रोजन सोडला. ०.९३.

दीड वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबर २०१९ च्या फिल्मचा उरलेला तुकडा, जो मी वाईट म्हणून बाजूला ठेवला होता, तोसुद्धा मग लावून बघितला, ०.९१. म्हणजे पहिली फिल्मच ठीक होती. ह्याचा आनंद मानायचा की काय हे मला आजपण कळलेलं नाही. पण त्या दिवसानंतर माझा एकही सेल मी दुसऱ्याला लावायला दिला नाही, आणि पॉलिमरचे जे जे मला विचारतात त्यांना मी हे आधी सांगते की गाईड निवडताना पब्लिकेशन किती ते नंतर विचारा, टेस्ट स्टेशनवर विद्यार्थी स्वतः बसतो का ते आधी विचारा. तिथल्या विद्यार्थ्याला विचारा, गाईडला नको.

स्टेशनवर बसणार असाल तर दोन गोष्टी. लाल सिलेंडर हायड्रोजनचा, आणि ज्वलनशील गॅसचे आटे डावे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट फिरतात, मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं चुकीच्या बाजूने जोर लावत होते. आणि गळती दाखवणारा सेन्सर छताजवळ हवा, टेबलाखाली नको, हायड्रोजन वर पळतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. घाबरायचं नाही पण साबणाच्या पाण्याने प्रत्येक जॉइंट तपासल्याशिवाय चहाला जायचं नाही.

नंतरची दोन वर्षं भराभर गेली कारण काम चालत होतं. एसआरएफच्या (जेआरएफच्या पुढची पायरी) असेसमेंटला प्रेझेंटेशन, मग महिन्याला ३५,०००. पहिला पेपर दोनदा परत आला, तिसऱ्या जर्नलने घेतला. जानेवारी २०२३ ला केंद्राने ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं, आणि एकदम नातेवाइकांना माझा विषय कळायला लागला. त्याच सुमाराला युरोपात फ्लोरिनवाल्या रसायनांवर, म्हणजे पीफासवर (नाफिऑनसारखे पॉलिमर त्यातच येतात), बंधन आणायचा प्रस्ताव आला आणि बिनफ्लोरिनच्या मेम्ब्रेनना भाव आला. थीसिसची प्रस्तावना त्यामुळे पुन्हा लिहावी लागली, पण बरंच झालं.

पैशाचं मात्र नीट ऐका. फेलोशिप पाच वर्षांची, माझी ऑगस्ट २०२३ ला संपली आणि थीसिस सबमिट झाला फेब्रुवारी २०२४ ला. मधले सहा महिने शून्य. सर एका प्रोजेक्टवर घेतो म्हणाले होते, ते झालं नाही. २०२३ च्या जानेवारीपासून एसआरएफ ४२,००० झाली होती त्याची थकबाकी एकदम आली, तीच पुरवून पुरवून वापरली. चौथ्या वर्षापासून महिन्याला पाच हजार तरी बाजूला टाका. सिमिलॅरिटी रिपोर्ट (थीसिसमधला किती मजकूर आधी छापलेल्याशी जुळतो ते) पहिल्यांदा २३ टक्के आला, मर्यादा १० ची, मी गार. बघते तर माझेच पेपर मोजलेले. स्वतःचे पेपर वगळून परत काढता येतो, गाईडचं पत्र लागतं, ते आधीच टाइप करून ठेवा. छपाई आणि बायंडिंगला पाच प्रतींचे ७,८०० गेले, रंगीत पानं वेगळी निवडून दिलीत तर कमी होतात.

मग व्हायवाची वाट. नऊ महिने. एका परीक्षकाचा रिपोर्ट लवकर आला, दुसऱ्याचा येईचना, मी परीक्षा विभागात दर सोमवारी जायचे, तिथल्या काकांनी शेवटी मला चहा पाजायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ ला व्हायवा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "नाफिऑन विकत मिळतं तर हे कशाला?" मी मोनॉक्साइड, पाणी, रेडिएटरचा आकार असं सगळं बोलले आणि मग म्हटलं, सर, ॲसिड गळतं हेही खरं आहे आणि थंड गाडी सुरू करायला माझा सेल नाफिऑनला हरतो. त्यांना तेच ऐकायचं होतं बहुतेक.

नोकरीसाठी मी चेन्नई, कराईकुडी, भावनगर सगळीकडच्या सरकारी प्रयोगशाळांच्या जाहिराती बघत होते, तिथे मेम्ब्रेनवर काम चालतं, आणि जर्मनीत दोन पोस्टडॉकना अर्ज केले, एक नकार आणि एक उत्तरच नाही. तेवढ्यात पुण्यातल्या एका इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू मिळाला. फ्यूएल सेल उलटा चालवला की इलेक्ट्रोलायझर, वीज देऊन पाण्यातून हायड्रोजन. माझ्या पेपरांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं, सेल स्वतः किती वेळा असेंबल केलाय. मी म्हटलं मोजले नाहीत पण दीडशेच्या वर. मग कोपऱ्यातल्या चिरेची गोष्ट सांगितली, समोरचे तिघंही पुढे सरकून बसले, त्यांच्याकडे तोच प्रॉब्लेम चालू होता.

एप्रिल २०२५ ला लागले. पाच वर्षांत माझी सगळ्यात मोठी फिल्म १५ सेंटिमीटरची होती, इथे पहिल्याच दिवशी मेम्ब्रेनचा अख्खा रोल बघितला, मालगाडीतून चटया यायच्या तसा गुंडाळलेला. माझं काम आलेला रोल तपासायचं, जाडी, भोकं, वायू किती पलीकडे जातो. डिग्री सर्टिफिकेट अजून आलेलं नाही, प्रोव्हिजनलवर चालू आहे, कॉन्व्होकेशनचा फॉर्म भरलाय.

गणपतीला घरी गेले तेव्हा रोलचा एक कापलेला तुकडा पप्पांना दाखवायला नेला होता. त्यांनी बोटांत धरून चोळला, कानाशी नेऊन हलवून आवाज ऐकला, उजेडाकडे धरला. मग विचारलं, "ह्याचा दाणा कुठून येतो?"

"दाणा नाही पप्पा, फिल्मच येते. बाहेरून."

"सगळी?"

"आमच्याकडची सगळी."

त्यांनी तुकडा परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मग आधी तो पाक तू शिकलीस तो वाया नको जाऊ देऊ."